आई व्हायच्या आधीची मी: आठवणींची वही कशी करायची

मुलीच्या शाळेतून निरोप आला होता, ‘आई-बाबांचा तुमच्या वयाचा एकेक फोटो आणा.’ नवऱ्याचा फोटो सासूबाईंनी कपाटातून तीन मिनिटांत काढून दिला. माझा निघालाच नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरात माझं आयुष्य लग्नाच्या अल्बमपासून सुरू होतं. त्याआधीचा पुरावा म्हणजे एका जुन्या फॉर्मला टाचलेला पासपोर्ट फोटो, तोही कानाला पिन मारलेला. मुलीचे मात्र फोनमध्ये हजारोंनी फोटो, त्यातले शंभर-दोनशे तर नुसते झोपलेले.

माझं माहेर शुक्रवार पेठेत, रिक्षानं पंधरा मिनिटं. तरी तिथल्या माझ्या वस्तू इकडे आणायचं तेरा वर्षांत सुचलं नव्हतं. गेल्या वर्षी वही करायला घेतली. आठ महिने लागले, मधे दोन पानं फाडून नव्यानं करावी लागली आणि एक फोटो माझ्या हातानं कायमचा गेला. तुमचा तरी जाऊ नये, म्हणून हे लिहितेय.

आणि हो, ही वही मुलांच्या बाळलीलांची नाही. ती तुमची. बाकीच्यांनी आपापली करावी.

काय काय लागेल

- जाड कागदाची वही. कागद २०० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) आसपास आणि ‘ॲसिड-फ्री’ लिहिलेला असावा. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो.
- फोटो कॉर्नर, म्हणजे फोटोच्या चार कोपऱ्यांना लावायचे छोटे त्रिकोणी खिसे. मिळाले नाहीत तर त्याच कागदाच्या पट्ट्या दुमडून घरी होतात.
- ४बी किंवा ६बी पेन्सिल आणि न पसरणाऱ्या, पक्क्या शाईचं एक पेन.
- डेंटल फ्लॉस. कशासाठी ते पुढे येतंय.
- पेन ड्राइव्ह, स्वच्छ सुती कापड, दोन पसरट ट्रे किंवा परात.
- एक शंभर पानी साधी वही. ही सगळ्यात महत्त्वाची.

चमकी, स्टिकर, रंगीत टेपा यांत मी सुरुवातीलाच भरपूर पैसे घातले. ते सगळं आता मुलीच्या हस्तकलेच्या डब्यात आहे आणि तिथंच शोभतंय.

१. आवाका आधी ठरवा

‘जन्मापासून सुरू करू’ असं म्हणाल तर बालवाडीत अडकाल. माझं तसंच झालं. जन्माचं पान, बारशाचं पान, पहिल्या वाढदिवसाचं पान अशी तीन पानं सजवली आणि लक्षात आलं, की यातलं मला काहीच आठवत नाही. सगळं ऐकीव. तिथंच दीड महिना काम थांबलं.

त्यापेक्षा वीस वस्तू निवडा. वीसच. फोटो, पास, पत्र, पावती, काहीही चालेल. अट एकच, की ती हातात घेतल्यावर तुम्हाला घडाघडा बोलता आलं पाहिजे. क्रम नंतर लावता येतो. वही कुठे थांबवायची तेही आत्ताच ठरवा. माझी हद्द होती दवाखान्याची पहिली फाईल. ती आली की वही संपली.

२. शोध: दिवाळीच्या आवराआवरीआधी

जुन्या वस्तूंचा सगळ्यात मोठा शत्रू वाळवी नाही, दिवाळीची साफसफाई आहे. म्हणून गणपती झाले की माहेरी जा.

माळा आणि ट्रंक सगळेच बघतात. त्याशिवाय शिलाई मशीनचा ड्रॉवर, आईच्या साड्यांच्या घड्या, गॅसचं पुस्तक आणि जुनी पासबुकं ठेवलेली पिशवी आणि देवघराखालचा कप्पा बघा. माझा केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, कॉलेजचा पास गॅसच्या पुस्तकात होता. का होता, ते विचारू नका.

दुसरी गोष्ट, लहानपणचे तुमचे सगळ्यात चांगले फोटो तुमच्या घरात नसतातच. ते मामाच्या, आत्याच्या, शेजारच्या ताईच्या लग्नाच्या अल्बममध्ये असतात. घरी रोल जपून वापरायचे. ३६ फोटोंचा रोल दोन-दोन वर्षं कॅमेऱ्यात असायचा. लग्नात मात्र फोटोग्राफर कुणाचेही काढत सुटायचा. माझा सातव्या वर्षाचा एकमेव नीट फोटो मामाच्या पंगतीत आहे. मागच्या ओळीत, जिलेबी तोंडात.

न्यायच्या आधी विचारा. आई म्हणेल, ‘न्हे की, कोण नको म्हणतंय? रद्दीच हाय सगळी.’ तरी वहिनीसमोर विचारा. त्या घरातली वस्तू न सांगता हलली की पुढे तीन सण त्यावर बोलणं होतं. शंभर पानी वहीत लिहून ठेवा, काय आणलं, कुणाकडून, परत द्यायचं की नाही.

काहीच उरलं नसेल तरी अडत नाही. वर्गमैत्रिणीकडून वर्गाचा फोटो मागून घ्या, जुन्या घराचा नकाशा हातानं काढा, गल्लीत जाऊन आजचा फोटो काढा. माझ्या वहीतलं एक पान म्हणजे नुसता आमच्या गल्लीचा नकाशा आहे. कुठल्या घरात टीव्ही होता, कुठलं कुत्रं चावायचं, सगळं दाखवलेलं.

३. भिजलेले आणि चिकटलेले फोटो

आपल्या गावात ही पायरी वगळून चालत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. माहेरच्या खालच्या खोलीत ते कित्येक दिवस होतं आणि माझी ट्रंक पलंगाखाली. पाणी उतरल्यावर दादानं ट्रंक गच्चीत नेऊन उन्हात उघडली. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं केलं, पण तेच चुकलं. ओल्या फोटोंचा गठ्ठा तसाच वाळला की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटतो. फोटोच्या वरचा थर जिलेटिनचा असतो. तो भिजून फुगतो आणि वाळताना डिंकासारखा धरतो.

पुढच्या वेळी, ती येऊ नये पण आली तर, असं करा:

फोटो ओले असतानाच हाताळा. हातमोजे घाला, पुराच्या पाण्यात गटारही असतं. परातीत स्वच्छ गार पाणी घ्या, गठ्ठा त्यात बुडवा आणि फोटो आपोआप सुटतील तसे एकेक वेगळे करा. छापाच्या बाजूला बोट घासू नका. दुसऱ्या स्वच्छ पाण्यातून काढून सुती कापडावर चित्र वर करून सावलीत वाळवा. खाली वर्तमानपत्र नको, शाई उतरते. ऊनही नको, फोटो वळतात. घरात चिखल उपसायचा असताना याला वेळ मिळत नाही, हे मलाही माहीत आहे. तेव्हा फोटोंच्या मधे प्लास्टिकचे तुकडे घालून, पिशवीत बंद करून कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा. पुढे महिन्यानंही काढून, पाण्यात सोडवून वाळवता येतात.

गठ्ठा आधीच वाळून चिकटला असेल तर पहिल्यांदा वरून दिसतंय तेवढ्याचा फोटो काढून घ्या. मगच गार पाण्यात अर्धा तास भिजवा आणि सुटतात का बघा. ओढू नका. मी ओढला. आजोबांच्या मांडीवरचा माझा फोटो होता. आजोबा आले, मी नाही आले.

ही पाण्याची युक्ती स्टुडिओत, लॅबमध्ये धुतलेल्या जुन्या फोटोंची आहे. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली प्रिंट पाण्यात घातली तर शाई पसरून जाईल.

४. चिकट पानांच्या अल्बममधून सोडवणं

वर पारदर्शक प्लास्टिक आणि खाली चिकट रेघांचं पान, असे अल्बम एके काळी घरोघर होते. आपल्याला वाटायचं फोटो सुरक्षित आहे, पण तो डिंक वर्षानुवर्षं फोटो पिवळा करत असतो. इथं डेंटल फ्लॉस कामाला येतो. एक कोपरा सुटला की दोरा फोटोच्या पाठीमागे सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करा. अडला तर पानाच्या मागच्या बाजूनं हेअर ड्रायरची अगदी मंद गरम हवा काही सेकंद द्या. तरीही नाही सुटला तर सोडून द्या. पानासकट स्कॅन करा.

५. स्कॅन आणि प्रत

वहीत मूळ वस्तू लावायची की प्रत, यावर लोक हिरिरीनं बोलतात. माझं मत: एकुलता एक फोटो असेल तर वहीत प्रत, मूळ पाकिटात. बस पास, पत्र, स्लॅम बुकचं पान या वस्तूंना मात्र हात लागला पाहिजे. त्या मूळच लावा.

स्कॅनला देताना ‘रंगीत, ६०० डीपीआय’ (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) असं स्पष्ट सांगा, फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीतच. न सांगता दिलं तर झेरॉक्सच्या दुकानात कागदपत्रांचं सेटिंग असतं तेच लागतं. अॅग्फा क्लिक थ्रीसारख्या जुन्या पेटी कॅमेऱ्याचे फोटो असतात ना, ६ सेंटिमीटरचे चौकोनी? ते ६०० डीपीआयला स्कॅन केले की दुप्पट, म्हणजे १२ सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ छापता येतात. फोटोची पाठही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, कुणाचं अक्षर, तारीख सगळं तिथंच असतं.

मला एका दुकानातून चाळीस फोटो व्हॉट्सॲपवर आले. फोनवर छान दिसले, छापल्यावर सगळे धुक्यात. व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटे करतं. पेन ड्राइव्हवरच घ्या, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. चाळीसच्या चाळीस परत करावे लागले, पैसे परत दिले नाहीत.

फोनवर काढणार असाल तर खिडकीजवळ, ढगाळ उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला अगदी समांतर धरून. निगेटिव्ह सापडल्या तर टाकू नका. टॅबचा किंवा लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करून त्याच्या थोडी वर निगेटिव्ह धरा, फोटो काढा आणि ॲपमध्ये रंग उलटे करा. निदान काय आहे ते कळतं, मग त्यातल्या चांगल्या नीट स्कॅन करून घ्या.

वर्तमानपत्राचं कात्रण मूळ लावू नका. त्या कागदातल्या लिग्निनमुळे तो पिवळा तर पडतोच, शेजारच्या पानालाही डाग देतो. चांगल्या कागदावर प्रत काढा. मशीनमधून येणारी गुळगुळीत तिकिटं, एटीएमच्या चिठ्ठ्या काही वर्षांत कोऱ्या होतात, त्यांचीही प्रत. आणि अशा तिकिटाला लॅमिनेशन कधी करू नका. उष्णतेनंच तो कागद छापला जातो, त्यामुळे मशीनमधून अख्खा काळा होऊन बाहेर पडतो.

६. चिठ्ठी: खरी वही इथं आहे

नुसता फोटो लावून खाली ‘शाळेतले दिवस’ लिहिलं तर मुलांना काय कळणार? प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लिहा. आधी शंभर पानी वहीत कच्ची लिहा. ‘तेव्हा कसं वाटलं’ हा प्रश्न स्वतःला विचारू नका, त्यातून निबंध होतो. हे विचारा: फोटो कुणी काढला? चौकटीच्या बाहेर कोण उभं होतं? अंगावरचा फ्रॉक आधी कुणाचा होता? फोटोनंतर पाच मिनिटांनी काय झालं?

माझ्याकडे आषाढातल्या त्र्यंबोली यात्रेचा एक फोटो आहे. पेठेतली मंडळी पंचगंगेचं नवं पाणी घेऊन त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या टेकडीवर जातात, तेव्हाचा. मी पहिल्यांदा लिहिलेली चिठ्ठी अशी होती: ‘त्र्यंबोली यात्रा ही आपली परंपरा आहे. आम्ही उत्साहाने सहभागी होत असू.’ वाचून माझी मलाच जांभई आली. मग परत लिहिली:

‘सहावीत होतो. आषाढातला शुक्रवार. नदीवरनं कळशी भरून घेतली, घरातली सगळ्यात बारकी. चुंबळ सरकली की पाणी मानेवरनं पाठीत. पुढं पी ढबाक वाजत होतं. नाचायला मिळंना म्हणून मैत्रीण रुसलेली. टेकडीवर पोचलो तवा कळशीत दोन वंजळी पाणी राहिलंतं. कुणाला सांगितलं नाही. निघायच्या आधीच काकानं फोटो काढलाय, म्हणून हसतोय.’

‘होतो’, ‘हसतोय’ हे चुकून नाही. आपल्याकडे पोरीसुद्धा ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात. शाळेत बाईंनी माझ्या वहीतल्या प्रत्येक ‘गेलो’वर लाल रेघ मारली होती. चिठ्ठीत तेच परत आणलं. मुलीनं वाचून विचारलं, ‘हे बाबांनी लिहिलंय?’ मग त्यावरच अर्धा तास गेला, आणि नंतर दोन दिवस ती घरभर ‘मी जेवलो, मी झोपलो’ करत होती. सासूबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही, त्या तसंच बोलतात.

तर चिठ्ठी ज्या भाषेत तुम्ही तेव्हा भांडत होता त्या भाषेत लिहा. या फोटोच्या चिठ्ठीखाली मी नंतर एक ओळ वाढवली: ‘२०१९ ला हा फोटो पण नदीच्या पाण्यात जाऊन आला.’ उजव्या कोपऱ्यातला चिखलाचा डाग मुद्दाम स्कॅनमध्ये साफ केला नाही.

७. मांडणी

वर्षांच्या क्रमानं लावू नका, जागांच्या क्रमानं लावा. माझे भाग असे आहेत: गल्ली, शाळा, रंकाळा, कॉलेज, गोकुळ शिरगावची नोकरी. वर्षं आठवत नाहीत, जागा आठवतात. शिवाय रंकाळ्याच्या एकाच भागात चौथीतली भेळ आणि कॉलेजमधलं, घरी न सांगता संध्यामठापाशी बसणं, दोन्ही बसतं.

नोकरीचा भाग टाळू नका. लग्नाआधीची तीन वर्षं मी कंपनीच्या बसनं गोकुळ शिरगावला जात होते. पहिल्या पगाराची चिठ्ठी, गळ्यात घालायचं ओळखपत्र आणि पहिल्या पगारातून आईला घेतलेल्या साडीचा आईनं कापून दिलेला काठ, असं एक पान आहे. मुलं बहुतेक या पानावर सगळ्यात जास्त चकित होतात. आपल्या आईला कुणी साहेब ओरडायचा, ही कल्पनाच त्यांना नवीन असते.

एका पानावर एक वस्तू, फार तर दोन. उरलेली जागा मोकळी.

८. चिकटवणं

फेव्हिकॉल, सेलोटेप, स्टेपलर, टाचणी हे चारही बाजूला ठेवा. पातळ डिंकानं कागद सुरकुततो, टेप पिवळी पडून डाग सोडते, लोखंड गंजतं. फोटो कॉर्नरमध्ये बसवा, म्हणजे कधीही काढता येतो. पत्रं आणि घडीच्या वस्तूंसाठी कागदाचे खिसे करा. प्लास्टिकचे खिसे वापरायचे तर पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. उग्र वासाचं पीव्हीसी नको, ते फोटोला चिकटतं.

कुणी म्हणेल, घरची मैद्याची खळ वापरा. आकाशकंदील खळीनंच करायचो आपण. कागदाला ती वाईट नाही, पण कसर आणि झुरळं आधी खळीवरच येतात. बाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालतात, ते फोटोजवळ नको.

वही बाइंडरकडून करून घेत असाल तर त्याला आधीच सांगा, की आत वस्तू लागणार आहेत. मग तो शिवणीपाशी दर दोन पानांमधे कागदाची अरुंद पट्टी घालतो. नाहीतर वस्तू लावल्यावर वही जबडा उघडल्यासारखी राहते. माझी पहिली तशीच झाली.

फोटोच्या पाठीवर बॉलपेननं लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उठतात. मऊ पेन्सिल वापरा. नव्या गुळगुळीत प्रिंटवर पेन्सिल उमटत नाही, तिथं पक्क्या शाईच्या पेनानं कडेला हलकंसं लिहा आणि पूर्ण वाळू द्या.

९. काय लावायचं नाही

शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, जन्माचा आणि जातीचा दाखला यांच्या फक्त प्रती. उद्या मुलांच्या जात पडताळणीला घरातले जुने दाखले शोधायची वेळ आली, की वही उसवत बसावं लागेल.

दुसऱ्याची गुपितं लावू नका. माझ्या स्लॅम बुकमध्ये एका मैत्रिणीनं आपल्या ‘क्रश’चं नाव लिहिलंय. तो आज तिच्या सासरचा नातेवाईक लागतो. तिला फोन केला, ती दहा मिनिटं हसली आणि म्हणाली, ‘झाक ते.’ झाकलं.

तुमची स्वतःची जुनी पत्रं असतील तर ती तुमची मर्जी. एक पाकीट मी उघडलं, वाचलं आणि ट्रंकेत परत ठेवलं. वहीत सगळं आलंच पाहिजे असा काही नियम नाही.

१०. ठेवायची कुठे

पूर येणाऱ्या भागात असाल तर तळमजल्यावर नाही, एवढं सगळ्यात आधी. वही स्टीलच्या कपाटात वरच्या फळीवर, मांजरपाटाच्या कापडात गुंडाळून आडवी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. डांबरगोळ्या वहीपासून लांब. सिलिका जेलच्या पुड्या चालतील. दसऱ्याला एकदा वही उघडून सावलीत हवा द्या. स्कॅनची एक प्रत घरात, दुसरी गावाबाहेरच्या माणसाकडे. माझी पुण्यात चुलतबहिणीकडे आहे.

११. शेवटची पानं कोरी

चार-पाच पानं मोकळी ठेवा. वही केल्याचं नातेवाइकांत पसरलं की वस्तू चालत येतात. मागच्या महिन्यात गडहिंग्लजहून मामीनं एक आंतर्देशीय पत्र पाठवलं, पाचवीत मीच तिला लिहिलेलं. वर ‘ती. मामीस शि. सा. न.’, खाली माझी सही शाळेच्या नावासकट आणि मधे एवढंच: ‘मी परीक्षेत पास झालो. तुमची म्हैस व्याली का? रेडी झाली की रेडा, लगेच कळवणे.’

मामीनं पत्राबरोबर वहीच्या कागदावर उत्तर पाठवलंय. रेडी झाली होती.